हे न्या, ते राहू द्या

वाचनालयात नोकरी करणाऱ्या बाईला लोक हमखास विचारतात, "मग तुम्ही काय, दिवसभर वाचतच असाल!" देवघेवीच्या टेबलावर बसून वाचता येत नाही, हे त्यांना कसं पटवावं? पुस्तक उघडलं की समोर सभासद उभा. कार्ड शोधा, तारखेचा शिक्का मारा, दंड सांगा, दंडावरून थोडी हुज्जत ऐकून घ्या, पावती फाडा. वाचन होतं ते घरी, रात्रीच्या भांड्यांनंतर. आणि तेही त्या दिवशी परत आलेल्या गठ्ठ्यातून जे हाताला लागेल त्याचं. त्यामुळे माझ्या वाचनाला ना क्रम ना शिस्त. नारायण धारपांच्या पाठोपाठ लक्ष्मीबाई टिळक, त्यांच्यामागून 'रुचिरा', मग कुणीतरी अर्धी टाकून परत केलेली 'कोसला'. प्राध्यापक मंडळी जिला अभिरुची म्हणतात ती अशी घडत नसावी. मतं मात्र घडली, आणि ती चांगली पक्की आहेत.

फक्त त्या मतांना एक खोड लागली आहे. पुस्तक चांगलं का वाईट, असं नुसतं मला सांगताच येत नाही. कोणासाठी, ते आधी कळावं लागतं. समोरचा माणूस "काहीतरी चांगलं द्या" म्हणतो, तेव्हा मी त्याच्याकडे बघते. हातात बाजाराची पिशवी आहे का, चष्मा नवा आहे का, मागच्या वेळचं पुस्तक किती दिवसांत परत आणलं होतं. मग उठते. समीक्षकाला या कटकटी नसतात. तो लिहून मोकळा होतो. माझं मत पंधरा दिवसांनी पायांनी चालत परत येतं आणि "काय हे दिलंत मला!" असं तोंडावर म्हणतं.

आमचं वाचनालय तालुक्याच्या गावातलं, 'ब' वर्गाचं. रत्नागिरीचं वाचनालय 1828 चं, नाशिकचं 1840 चं. तसली परंपरा आमच्याकडे नाही. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळतं, ते टिकवायला रजिस्टरं नीट ठेवावी लागतात, आणि इमारत पावसाळ्यात एका कोपऱ्यात गळते. कपाटांत डांबरगोळ्या असतात; त्यांना न जुमानणारी कसरही असते.

सगळ्यांत जास्त फिरणारं पुस्तक विचाराल तर 'मृत्युंजय'. त्याचा कणा कधीच धड नसतो. बाइंडरकडून नवं होऊन आलं की त्याच संध्याकाळी जातं. दर बांधणीला कडा थोड्या कापल्या जातात, शिलाई थोडी आत सरकते, आणि मग ओळींची टोकं कण्यात गडप होतात. पुस्तक दोन्ही हातांनी दाबून उघडं धरून लोक वाचतात, पण वाचतात. आयटीआयची मुलं वाचतात, ज्यांनी शाळेनंतर एकही पुस्तक पुरं केलेलं नाही अशी. सातशेच्या वर पानांचं पुस्तक त्यांच्या हातात टिकतं, यातच शिवाजी सावंतांची ताकद आली. ती नाकारणाऱ्याने एकदा माझ्या टेबलावर बसून पाहावं.

तरी माझं म्हणणं असं आहे की या पुस्तकात सहा जण बोलतात आणि जीभ एकच आहे. भाग नऊ. कर्ण चार वेळा बोलतो. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण एकेकदा. रचना म्हणून कल्पना उत्तम. एकाच माणसाकडे आई, मित्र, बायको, भाऊ आणि शत्रूचा सारथी आपापल्या जागेवरून बघतात. पण कुंतीच्या तोंडी जे अलंकार, तेच दुर्योधनाच्या. शोण हा सारथ्याच्या घरात वाढलेला मुलगा, तोही त्याच थाटात उपमा देतो. मधलं एखादं पान डोळे झाकून उघडलं आणि नाव न पाहता वाचलं तर बोलणारं कोण, ते ओळखायला मला तरी वेळ लागतो. शिवाय सगळ्यांनाच कर्णाची कड घ्यायची आहे. इतके साक्षीदार एका बाजूचे निघाले की मला त्या खटल्याचा संशय येतो.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, 1967 साली, इरावती कर्वेंचं 'युगान्त' आलं. तेही महाभारतावर, पण अंगकाठीने बारीक. इरावतीबाई कुणालाही सूट देत नाहीत. भीष्माला नाही, कृष्णाला नाही, कर्णाला तर नाहीच. म्हणून माझा एक रिवाज आहे : 'मृत्युंजय' परत आलं की त्याच मुलाच्या हातात 'युगान्त' ठेवायचं. बरीच मुलं भांडायला परत येतात. एकजण अगदी घुश्शात म्हणाला, "मॅडम, या बाईंना कर्ण आवडत नव्हता का?" मी म्हटलं, आवडत असणार, त्याशिवाय कुणी कुणाला इतके प्रश्न विचारतं का? त्याला ते पटलं नाही. पण पुढच्या खेपेला मूळ महाभारताचं मराठी भाषांतर आहे का, असं विचारत आला. आमच्याकडे आहे, सगळे खंड नाहीत.

रहस्यकथांची कपाटं म्हणजे वेगळाच कारभार. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. आमच्याकडे त्यांतली जी उरली आहेत त्यांचा कागद आता बोट लावताच तुटतो. या पुस्तकांची नावं एकमेकांसारखी, मुखपृष्ठंही तशीच, त्यामुळे "हे मी वाचलंय का?" हा प्रश्न वाचकाला नेहमी पडायचा. त्यावर जुन्या सभासदांनी उपाय काढला होता. प्रत्येकाचं एक पान ठरलेलं. कुणी अकराव्या पानावर पृष्ठांकाखाली टिंब देई, कुणी एकविसाव्यावर आद्याक्षर, एक आजोबा बारीक स्वस्तिक काढत. पुस्तक हातात घेतलं की ते पान उघडायचं. खूण असली तर परत. पुस्तकावर काही लिहू नये असा नियम भिंतीवर टांगलेला आहे, आणि मी तो सर्वांना वाचून दाखवते. पण या खुणा खोडायला माझा हात होत नाही. पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारे महाभाग मात्र वेगळे. त्यांना मी आजीव सभासद असले तरी माफ करणार नाही. पेन्सिलीने लिहिलेलं खोडता येतं, बॉलपेनाने लिहिलं की पुस्तकाचा जीवच गेला.

अर्नाळकर मी एका पावसाळ्यात सलग वाचले. त्यांचा नायक झुंजार आवडला. वाक्यं आखूड, वर्णन जवळजवळ नाही, मोटार निघाली की पोहोचलीच. दोन-तीन पुस्तकं मजेत जातात, पुढे मात्र सगळे खून एकाच घरात झाल्यासारखे वाटायला लागतात. धारपांचं तसं नाही. त्यांना भीती कुठे बसवायची ते ठाऊक होतं. माजघरात, जिन्याखाली, नव्या भाड्याच्या घरातल्या बंद खोलीत. आपल्या घरासारखं घर, त्यात आपल्यासारखीच चहा पिणारी माणसं. माझी तक्रार त्यांच्या समर्थांबद्दल आहे. समर्थ आले की मला हायसं वाटतं आणि त्याच क्षणी पुस्तकातली भीती संपते. सगळं निस्तरणारा कुणीतरी येणार, हे माहीत असेल तर जिन्याखाली काय आहे त्याची काळजी मी कशाला करू? म्हणून ज्या कथांत कुणीच येत नाही त्या मला त्यांच्या सर्वांत चांगल्या वाटतात. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'चं मला विशेष कौतुक नाही. कट्ट्यावरचं बोलणं अस्सल आहे, पण प्रसंग फार भडक. 2013 ला सिनेमा आला तेव्हा मात्र तिच्यासाठी नंबर लावावे लागले, आणि त्या गर्दीतले काहीजण सभासद म्हणून टिकले. त्याबद्दल मी सिनेमावाल्यांची ऋणी आहे.

दुपारी दोननंतर बायकांची वेळ. 'रुचिरा' त्या वेळचं पुस्तक. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 मध्ये आलं आणि अजून त्याला तोड नाही, असं माझं मत आहे. स्वयंपाकासाठी तर आहेच, वाचण्यासाठीही आहे. सगळं माप वाटीचं आणि चमच्याचं. उगाच प्रस्तावना नाही, आजीच्या आठवणी नाहीत, एकही शब्द फालतू नाही. काय घ्यायचं, किती घ्यायचं, कशानंतर काय करायचं. ज्याला साधं मराठी गद्य लिहायला शिकायचं असेल त्याने हे पुस्तक वाचावं, असं मी एका नवोदित लेखकाला सांगितलं, तर तो रागावला. आमच्या प्रतीत दिवाळीच्या पदार्थांची पानं तेलाने पारदर्शक झाली आहेत. मागच्या पानावरची अक्षरंही दिसतात. चकलीवर सर्वांत जास्त डाग आहेत, म्हणजे तिथेच लोक सर्वांत जास्त अडतात.

'स्मृतिचित्रे' न्यायला लोक कां कू करतात. नाव जड वाटतं, मुखपृष्ठावर पदर घेतलेली बाई, त्यातून नवऱ्याचं धर्मांतर म्हणजे काहीतरी गंभीर असणार. मी सांगते, फक्त पहिली वीस पानं वाचा. आजोबांना सत्तावन्नच्या धामधुमीनंतर फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं, आणि त्या घरात जे धुण्याजोगं नाही तेही धुतलं जायला लागलं. हे सगळं लक्ष्मीबाई असं सांगतात की हसताना आपल्याला थोडी लाज वाटावी. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. त्या आधी मागे राहिल्या, मग 1900 मध्ये त्याही गेल्या. एवढी मोठी उलथापालथ, पण त्यांचा आवाज एकदाही चढत नाही. रागीट, उधळ्या, कवी नवऱ्याबद्दल त्यांनी जे लिहिलं आहे त्यात तक्रार शोधून सापडत नाही आणि भक्तीही सापडत नाही. मराठी आत्मचरित्रांत मी हे पहिलं ठेवते. दुसरं कोणतं, यावर माझं मत दर वर्षी बदलतं. शेवटचा भाग मुलाने, देवदत्तांनी पुरा केला आहे. तिथे भाषा बदलते ते लगेच जाणवतं. घरातली बाई उठून आत गेल्यावर बैठकीतलं बोलणं जसं एकदम नीटनेटकं होतं, तसं.

इतिहासाची आवड असलेले काका 'पानिपत', 'स्वामी', 'छावा' अशी फेरी मारून पुन्हा 'पानिपत'वर येतात. त्यांना मी विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' देते. पेण तालुक्यातल्या वरसईचा हा कर्जबाजारी भिक्षुक. मथुरेला बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत, दक्षिणा बरी मिळेल, म्हणून घरातून निघाला आणि नेमका सत्तावन्नच्या बंडात सापडला. झाशी पडली तेव्हा तो आत होता. चिंतामणराव वैद्यांनी हे 1907 साली छापलं, ते बराच हात फिरवून. मूळ हस्तलिखिताप्रमाणे आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये काढली. मिळाली तर दुसरी वाचावी. माझ्या मते या पुस्तकाचं मोठेपण असं की लेखक शूर नाही आणि तसं सोंगही करत नाही. त्याला भूक लागते, तो घाबरतो, कमावलेली दक्षिणा लुटली गेली की हळहळतो, आणि एवढं होऊन आईबापांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी येतो. कादंबऱ्यांतली झाशी मी विसरले. गोडशांच्या झाशीतल्या विहिरी आणि जळणारी घरं विसरले नाही. काकांपैकी निम्मे म्हणतात, यात लढाई कमी आहे. बरोबर आहे, उरलेल्या निम्म्यांसाठी मी ते शिफारशीत ठेवते.

दलित आत्मकथनं आमच्याकडे एका वेगळ्या फळीवर आहेत. ही फळी मला पसंत नाही. वर्गीकरणाच्या दृष्टीने ती आत्मचरित्रांत हवीत, लक्ष्मीबाईंच्या शेजारी. मी एक-दोनदा हलवली, कुणीतरी पुन्हा जागेवर नेऊन ठेवली. 'बलुतं' 1978 चं. पुस्तक कसं सुरू होतं पाहा : दगडू मारुती पवार आपली हकीगत दया पवारला सांगतो. माणूस एकच, पण ज्याने भोगलं तो वेगळा आणि ज्याने शिकून लिहिलं तो वेगळा, आणि दोघांना एकमेकांची किंचित लाज वाटते. जगाबद्दल कठोर लिहिणारे पुष्कळ, स्वतःबद्दल इतकं कठोर लिहिणारे फार थोडे. मुंबईतल्या कावाखान्याची पानं तर नंतर आलेल्या अनेक शहरी कादंबऱ्यांना पुरून उरतात. बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' त्याहून लहान आहे आणि कमी मागितलं जातं. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत, गिऱ्हाईक नसताना लिहीत, आणि लिहिलेलं घरच्यांपासून बरीच वर्षं लपवून ठेवत. मॅक्सीन बर्नसनबाईंनी पाठीशी लागून ते बाहेर काढलं, 1986 साली पुस्तक झालं. यात 'मी' फार थोडा आणि 'आम्ही' जास्त आहे. महारवाड्यातली सून पहाटे उठून भाकऱ्या थापते ते प्रकरण मी महिला मंडळातल्या दोघी-तिघींना दिलं. त्यांतल्या एकीने पुस्तक अजून परत केलेलं नाही. स्मरणपत्र पाठवलं तर म्हणाली, सासूबाई वाचतायत.

'कोसला' बहुधा दोन दिवसांत परत येते. "यात काही घडतच नाही हो." नेमाड्यांनी ती पंचविशीत लिहिली, 1963 मध्ये ती आली, आणि तेव्हापासून पांडुरंग सांगवीकराला कंटाळणाऱ्यांची आणि त्याच्यासारखं बोलायला लागणाऱ्यांची अशा दोन जाती पडल्या आहेत. मी तिसऱ्या जातीची. पुण्याच्या होस्टेलातला बराचसा भाग मला लांबलेला वाटतो; चेष्टा चांगली आहे पण तिला थांबता येत नाही. पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूची पानं मात्र मराठीत दुसरीकडे नाहीत. जो वाचक त्या पानांपर्यंत पोहोचतो तो पुस्तक उशिरा आणतो, आणि दंड न कुरकुरता भरतो.

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आमच्याकडे बक्षीस समारंभांतून इतकं येतं की त्याला वेगळी रांग आहे. गवाणकरबाई स्वतः ग्रंथपाल होत्या, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल जरा आपलेपणा आहे. कार्व्हर इतका निर्मळ रंगवला आहे की मोठ्या माणसाला थोडं गुदमरायला होतं. सहावी-सातवीतल्या मुलांना होत नाही, आणि ते त्यांच्यासाठीच आहे. त्या वयाला भुईमुगाच्या शेंगेतून इतकं काही निघतं, हे कळणं पुरे.

व्यक्तिमत्त्व विकासाची भाषांतरित पुस्तकं सगळी चकचकीत येतात आणि तशीच चकचकीत राहतात. पहिल्या चाळीस पानांनंतर त्यांची पानं उघडलेलीच नसतात. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं उलट. ती फाटेपर्यंत वापरली जातात, वर्षाने जुनी होतात, आणि अभ्यासिकेतल्या मुलांना दुसरं काही द्यायला गेलं तर "परीक्षा झाल्यावर, मॅडम" म्हणतात. परीक्षा होतच राहतात. त्यांच्यापैकी एकाला मी विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' दिलं, केवळ ते बारीक आहे म्हणून. 1939 ची कादंबरी. युरोपातून परतणारी बोट, बोटीवर नाझींपासून पळालेले ज्यू, त्यांत हॅर्टा, आणि तिच्यावर प्रेम करून मुंबईला उतरून जाणारा मराठी माणूस. महायुद्ध पेटलं त्याच वर्षी मराठीत असं पुस्तक निघालं, याचं मला दर वाचनाला नवल वाटतं. नायक मला आवडत नाही, आणि बेडेकरांनाही तो आवडावा असं वाटत नसणार. त्या मुलाने ते एका रात्रीत वाचलं. मग विचारलं, "मॅडम, हे अभ्यासक्रमात का नव्हतं?" मला उत्तर सुचलं नाही, पण त्याचं कार्ड तेव्हापासून रिकामं राहिलेलं नाही.

काही पुस्तकं मी कुणालाच देऊ शकत नाही, कारण त्यांच्यावर 'संदर्भ, बाहेर नेण्यास मनाई' असा शिक्का आहे. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड, दाते-कर्व्यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश. दाते-कर्वे हा कोश नुसता उघडून वाचण्यासारखा आहे. कुठलंही पान काढा. बलुतेदारांची हत्यारं, कोकणातल्या होडीचे भाग, विदर्भातल्या शिव्या, सगळं एका ओळीत पंगतीला बसलेलं. संध्याकाळी बंद करायच्या आधी, गर्दी ओसरली की, मी एखादा खंड काढते. टेबलावर बसून मला वाचता येतं ते एवढंच, कारण कोश कुठेही सोडता येतो.

सध्या मार्चअखेरची खरेदी डोक्यावर आहे. अनुदानाचा हप्ता उशिरा येतो आणि महिन्याभरात खर्च दाखवायचा असतो, त्यामुळे यादी घाईत होते. कार्यवाहांनी मला नावं विचारली. 'जिणं आमुचं'ची दुसरी प्रत लिहिली, कारण पहिली सासूबाईंकडून कधी सुटेल सांगता येत नाही. 'रुचिरा' लिहिली. चकलीचं पान आता वाचता येत नाही. 'मृत्युंजय' घ्यावंच लागेल, असं ते म्हणाले. घ्या, मी म्हटलं, जुन्या प्रतीची शिलाई आता धागा धरत नाही असं बाइंडर सांगून गेला आहे. मात्र तिच्याखाली 'युगान्त'च्या दोन लिहा.